चाळीस दिवस मागणं बंद

२७ फेब्रुवारी १९७४, बुधवार

हिशेबाच्या वहीचीच मागची पानं घेतली आहेत. नवी वही कशाला? पुढून तेल-मीठ, मागून हे.

आज राखेचा बुधवार, ईस्टरपर्यंतचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू (रविवार मोजत नाहीत). दुपारी चर्चमध्ये बहिणींच्या मंडळात पाळकांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी, नवीनच काढलं. म्हणाल्या, "या उपवासकाळात चहा सोडू नका, गोडही सोडू नका. मागणं सोडा. चाळीस दिवस देवाजवळ काही मागायचं नाही. फक्त स्तुती. रोज एक, आणि कालची आज चालणार नाही."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मग बाई, प्रार्थनेत उरलं काय? नुसतं आमेन?"

हशा झाला. बाईही हसल्या. "तेच तर बघायचंय, काय उरतं ते. आपण देवाकडे रेशनच्या दुकानात गेल्यासारख्या जातो. कार्ड पुढं, पिशवी पुढं. देणाऱ्याच्या तोंडाकडे कधी बघितलंय?"

मला ते बोचलंच. माझी मागण्यांची वही आहे, नऊ वर्षं चालू. कधी मागितलं, कधी मिळालं, काय नाकारलं, सगळं रकाने आखून. मॅट्रिकला गणितात पहिली होते मी, त्याचा उपयोग देवाच्या कामी, असं मला वाटायचं. हात वर करून मी नेम घेतला. घरी आल्यावर ती वही पत्र्याच्या पेटीत टाकून कुलूप लावलं आणि किल्ली ह्यांच्याकडे दिली. म्हटलं, "मी मागितली तरी देऊ नका."

हे म्हणाले, "मागायचं नाही म्हणतेस आणि किल्ली मागणार?" डोळ्यांच्या कडा बारीक करत ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशावर हात थोपटला.

स्तुती: पहिल्या दिवशी मोठं काहीतरी लिहावं म्हणून बसले. आकाश, पृथ्वी. ते सगळे लिहितात. खरं सांगायचं तर आज कोथिंबीर निवडताना वासानं थांबले होते. एवढ्याशा काडीत एवढा वास घातलास.

३ मार्च, रविवार

उपासना चांगली झाली. संध्याकाळी ईस्टरच्या पहाटफेरीची तालीम. यंदाही 'पहाटवारा गातो तुला, मीही गाईन, प्रभुराया' हेच गीत. बायकांच्या ओळीत सुरुवात माझी.

पुरुषांची ओळ आता सरळ लागते. ह्यांचा आवाज म्हणजे काय सांगावं! सबंध चर्चमध्ये सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत बेसूर. 'प्रभुराया'वर सगळे खाली उतरतात, तिथं हे वर चढायचे, कौलं उडवायला निघाल्यासारखे. बावीस वर्षं मी कोपर मारून पाहिलं. शेवटी नाताळच्या तालमीत, पुण्याचे पाहुणे येणार होते म्हणून, मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अहो, तुम्ही नुसते ओठ हलवा." सगळे हसले. हेही हसले. तेव्हापासून नुसते ओठ हलवतात. वाईट वाटून घेणारा माणूसच नव्हे. आता तर घरच्या सकाळच्या प्रार्थनेतही ओठच हलवतात. मी म्हटलं, घरी कोण ऐकतंय, गा की. तर म्हणाले, "सवय झाली."

स्तुती: ह्यांच्यासारखा गरीब स्वभावाचा माणूस दिलास.

६ मार्च, बुधवार

नेम कळल्यावर शेजारच्या सोजरबाई हसून लोटपोट झाल्या. त्या मूळच्या अकलूजकडच्या, तोंडानं फटकळ. "म्हंजी मागायचंच न्हाय? मंग देव ठिवलाय कशाला वो? माझी तर अंगूळ मागण्यानं हुती आन् झोप बी मागण्यानं."

माझं तरी काय वेगळं? सकाळी तीनदा तोंडात मागणं आलं होतं: नळाला पाणी येऊ दे, बार्शीला आमच्या मुलीची, सलोमीची, शाळेतली नोकरी कायम होऊ दे, आणि तिसरं आता आठवतही नाही. माणूस श्वास घेतल्यासारखं मागतो.

स्तुती: उशिरा का होईना, नळातून पाणी येण्याआधी जी हवा सुटते, तिचा आवाज.

१२ मार्च, मंगळवार

शनिवारपासून वही उघडली नाही.

शनिवारी सकाळी हे सातच्या पाळीला निघाले होते. मिलचा पहिला भोंगा होऊन गेलेला. मी डबा हातात दिला तो खाली पडला. मी म्हटलं, "अहो, धरा की नीट, चटणी सांडली ना." हे डब्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. काहीतरी सांगायला गेले तर नुसता वारा बाहेर आला. मग भिंतीला धरून खाली बसले.

माझ्या तोंडून निघालं, "प्रभू, वाच..." आणि पुढचं मी गिळलं. खरंच गिळलं. दगडासारखं खाली गेलं. नेम आठवला म्हणून. आता बसून विचार करते, कुठल्या बाईनं असं केलं असतं?

सोजरबाईंनी टांगा आणला. त्यांनीच पाय धरले, मी डोकं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी विचारलं, परत येईल ना? म्हणाले, "काही येईल, काही येणार नाही. बोलणं कदाचित येणारच नाही. आत्ता कुणी सांगू शकत नाही."

चार दिवसांच्या चार स्तुती राहिल्या आहेत. नेम तो नेम.

शनिवार: टांग्याचा घोडा. चाबूक न मारता धावला.
रविवार: ह्यांचा डावा हात. अजून माझा पदर धरतो.
सोमवार: बाटलीतून नळीत उतरणारा थेंब. एक पडल्याशिवाय दुसरा येत नाही, इतका शहाणा.
मंगळवार: सलोमी सकाळच्या एसटीनं आली.

१४ मार्च, गुरुवार

चर्चची मंडळी भेटायला आली. खाटेभोवती उभे राहून सगळ्यांनी देवाजवळ ह्यांची वाचा मागितली. रडून मागितली. शेवटी चर्चचे एक वडील, म्हणजे पंच, म्हणाले, "मार्थाबाई, आता तुम्ही करा."

मी डोळे मिटले. मागणं जिभेवर आलेलं. मी म्हटलं, "प्रभू, तू ह्यांच्या छातीत जो भाता ठेवलास तो पाच दिवस कुणी न चालवता चालतोय. तू धन्य आहेस. आमेन."

कुणी आमेन म्हणालं नाही. जिन्यात दोघीजणी बोलत होत्या ते ऐकू आलं. "नवरा मुका पडलाय आणि हिला भाता सुचतोय. काळीज आहे का काय?" सलोमीनंही ऐकलं. ती म्हणाली, "आई, बाबांसाठी एकदा मोड ना तो नेम. देव काय वही तपासतो?"

मी ह्यांची चादर सारखी केली. नेम मोडला तर मोडला, पण नऊ वर्षं मी देवाकडे बघितलंच नव्हतं, हे मला त्या खाटेशी कळत होतं. पाच रात्री मी ह्यांच्या छातीकडे बघत बसले आहे. वर, खाली. वर, खाली. आपलं काही करणं नाही त्यात. एवढी मोठी गोष्ट मागच्या अंगणात चालू होती आणि मी पुढच्या दारात पिशवी घेऊन उभी.

१७ मार्च, रविवार

स्तुती: तू मुक्यांना बोलतं करणारा देव आहेस.

(लिहिलं आणि खोडलं. ही स्तुती कसली, पदराआडून हात पुढं करणं आहे. देवाला काय कळत नाही?)

स्तुती: सोजरबाई. रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन चालत येतात. आज म्हणाल्या, "तुमी न्हाय मागत तर मी मागते. मला कसला नेम? सिद्धेश्वराला सांगून आले, आन् येताना तुमच्या येशूला बी. दोगं मिळून बगतील काय ते." मी त्यांना काहीतरी समजावून सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. भाकरी गरम होती.

आणखी एक लिहायचं आहे. कालपासून हे ओठ हलवतात. आवाज नाही. उजवीकडचा ओठ मागे राहतो, डावीकडचा पुढे जातो, पण हलवतात. डोळे छताकडे. नर्स म्हणाली, पाणी हवं असेल. पाणी दिलं, घेतलं नाही. पुन्हा ओठ.

नुसते ओठ.

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

१९ मार्च, मंगळवार

आज मोठे डॉक्टर आले. ह्यांच्या कानाशी घड्याळ धरलं, टाळ्या वाजवल्या, मग मला विचारलं, "कुठं कामाला?"

"मिलमध्ये. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर, साचेवाल्यांचे मुकादम. आधी स्वतः साचा चालवायचे."

"किती वर्षं?"

"सव्वीस."

"साच्यांच्या त्या आवाजात सव्वीस वर्षं. कान निम्म्याच्या वर गेलेत. हे आत्ताचं नाही, जुनं आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. 'हं?' 'काय म्हणालीस?' असं दहादा विचारायचे, मी समजायची लक्ष नसतं. रागवायची. आणि ते गाणं! ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो मोठ्यानं गाणार नाही तर काय करणार? बाजाच्या पेटीचा सूर कुठं चाललाय ते कळल्याशिवाय खाली कुठं उतरायचं हे कसं कळणार? ज्या आवाजानं आमची चूल पेटली त्यानंच ह्यांचा सूर नेला, आणि मी कोपर मारत होते.

स्तुती लिहायची आहे. लिहिते: ह्यांचे कान. सव्वीस वर्षं खपले.

२२ मार्च, शुक्रवार

पाळकीणबाई आल्या. मला बाहेरच्या कट्ट्यावर नेऊन म्हणाल्या, "मार्थाबाई, मंडळीत फार बोललं जातंय. मी घातलेला नेम, मीच सोडवते. मागा खुशाल. मनसोक्त मागा."

मी म्हटलं, "नको बाई. सुरू केलंय ते पुरं करते. पण एक अडलंय." आणि नाताळच्या तालमीचं सगळं सांगितलं. त्याही तिथं होत्या, त्याही हसल्या होत्या. म्हटलं, "मला क्षमा मागायची आहे. पण क्षमा मागणं हेही मागणंच ना? ईस्टरपर्यंत थांबू? मधे काही झालं तर?"

बाईंनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "अहो बाई, नेम देवाजवळ न मागण्याचा होता. नवऱ्याजवळ मागायला कुणी बंदी केली होती?"

मॅट्रिक पास झालेली मी, आणि हे मला सुचलं नव्हतं.

आत जाऊन ह्यांच्या डाव्या कानाशी वाकले. मोठ्यानं बोलावं लागलं, वॉर्डातले सगळे बघत होते. नाताळात हसं करताना सगळ्यांसमोर केलं होतं, मग हेही सगळ्यांसमोर. म्हटलं, "मी तुम्हाला नुसते ओठ हलवा म्हटलं होतं. चुकले. मला माफ करा."

हे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या, किल्लीच्या वेळी झाल्या होत्या तशा. आणि मग, काय करावं, ह्यांनी नुसते ओठ हलवले.

मी रडत होते की हसत होते, सांगता येणार नाही. चेष्टा केली की बोलायला गेले आणि जमलं नाही? काही कळलं नाही.

स्तुती: त्या डोळ्यांच्या कडा.

२४ मार्च, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी चारला ह्यांच्या खात्यातले इलाहीबक्ष आले. पंधरा वर्षं ह्यांच्या शेजारच्या साच्यांवर. केळी आणली होती. टोपी काढून स्टुलावर बसले. हे ओठ हलवत होते. मी म्हटलं, "असंच चाललंय आठवडाभर. आवाज नाही. पाणी देऊन बघितलं, उशी बदलून बघितली. काय हवंय कळत नाही."

इलाहीबक्षांनी स्टूल जवळ ओढलं. पुढे वाकून ह्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसले. मग म्हणाले, "वैनी, शिलासभाऊ काय मागत न्हाईत."

"मग?"

"गातायत."

मी म्हटलं, "भाऊ, चेष्टा करू नका."

"चेष्टा कशाला करू? साच्यांच्या गडगडाटात बोललेलं ऐकू येतंय होय? आमी सगळे व्हटावरनंच वाचतो. चहा पायजे, दोरा तुटला, साहेब आला, समदं व्हटावरनं. आन् ह्ये गाणं तर मी पंधरा वर्सं बगतोय. सकाळी साचे सुरू झाले की भाऊंचं सुरू. पार पाळी सुटेपर्यंत. घसा ताणून गायचे, कुणाला ऐकू यायचं न्हाय, त्यांना सोताला बी न्हाय. मी एकदा इचारलं, कुणासाठी गाता? तर म्हनले, ज्याला ऐकू येतं त्याच्यासाठी."

मी विचारलं, "कुठलं गाणं?"

ते पुन्हा ओठांकडे बघत एकेक शब्द बोलले. "पहाट... वारा... गातो तुला..." मग म्हणाले, "नाताळानंतर तर जास्तच गायचे. मी म्हटलं, भाऊ, आजकाल लई खुशीत? तर म्हनले, चर्चमधलं उरलेलं इथं संपवतो."

मी खाटेची कड धरून बसले. चर्चमधलं उरलेलं! मी रकाने आखून, तारखा घालून, देवाचा हिशेब ठेवणारी. आणि हा माणूस रोज आठ तास, जिथं माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत नाही तिथं, स्तुती करत उभा. घरी येऊन एक शब्द सांगितला नाही. मी विचारायची, आज काय विशेष? म्हणायचे, काही नाही, दोन साचे बंद पडले होते. आणि परवा मी माफी मागितली, त्याचंही उत्तर हेच होतं का? ते गीतच होतं का?

मला वाटलं, चपला काढून बसावं. चपला आधीच काढलेल्या होत्या.

मग मी गायला लागले. सुरुवात कुठल्या पट्टीत केली काही भान नाही. वॉर्डात, चौदा खाटा, भेटीची वेळ, लोक टकमक बघतायत. मी ह्यांच्या कानाशी वाकून, ह्यांच्या ओठांबरोबर, हळूहळू: पहाटवारा गातो तुला, मीही गाईन... आणि इथं माझा पुढचा शब्द येईना.

तो ह्यांनी म्हटला. "प्रभुराया."

आवाजानं. फाटका, जाड, घोगरा. आणि वर चढवून.

इलाहीबक्ष उभे राहिले. "या अल्ला," म्हणाले, आणि टोपी घालायची की काढायची ते न कळून हातातच फिरवत राहिले. नर्स धावत आली. "कोण ओरडलं?" मी म्हटलं, "ओरडले नाहीत. गायले." पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "पुन्यांदा म्हणा की."

पुन्हा म्हटलं. पुन्हा वर चढले. सात वेळा म्हटलं, सातही वेळा वर.

स्तुती: मला लिहिता येत नाही. तू ऐकत होतास. एवढंच. इतकी वर्षं तू ऐकत होतास.

२६ मार्च, मंगळवार

डॉक्टरांना सांगितलं. त्यांना माझ्याइतकं आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, होतं असं कधीकधी. बोलण्याची जागा डोक्यात एकीकडे, गाण्याची दुसरीकडे. एक दार बंद झालं तरी दुसऱ्यानं शब्द येतात. पाठ असलेलं येतं. "पण बाई, गाणं आलं म्हणजे बोलणं येईलच असं समजू नका. आशा बेतानं ठेवा."

त्यांच्या सांगण्यानं माझं आश्चर्य कमी व्हायला हवं होतं. उलट वाढलं. म्हणजे माणूस घडवतानाच तू स्तुतीसाठी मागचं दार वेगळं ठेवलंस?

गुरुवारी घरी सोडणार.

२ एप्रिल, मंगळवार

घरी येऊन पाच दिवस झाले. काठी आणि माझा खांदा यांवर मोरीपर्यंत जातात. 'पाणी' म्हणता येत नाही. 'मार्था' म्हणता येत नाही. काल भांड्याकडे बोट दाखवून कितीतरी वेळ झटले, "प... प..." आणि शेवटी चिडून डाव्या हातानं भांडं ढकललं. ह्यांना असं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी पुसून घेतलं. मग मी ओळ धरली आणि ह्यांनी सगळं गीत म्हटलं, अडखळत, चार कडवी. भिंतीपलीकडून सोजरबाई ओरडल्या, "मार्थाबाई, तुमचं मालक लई बेसूर गात्यात वो!" आणि लगेच, "गाऊ द्या, गाऊ द्या! माझं मागणं पावलं."

पेटीवाले मास्तर तालमीला बोलवायला आले होते. मी म्हटलं, यंदा फेरीत नाही. दारातच उभी राहीन.

स्तुती: भिंत पातळ आहे.

१२ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

आज सकाळी हे माझ्याकडे बघून काहीतरी सांगायला गेले. दोन तास. बोटं, डोळे, मान. मी विचारत राहिले: पोटात दुखतंय? सलोमीला बोलवू? मिलचं काही? नाही, नाही, नाही. ते गाण्यात नव्हतं, म्हणून आलं नाही. शेवटी भिंतीकडे तोंड करून पडले. जन्मभर हेच असेल तर?

स्तुती सुचली नाही. मागणं मात्र दातांपर्यंत आलं होतं. तोंड मिटून बसले. आज नुसतं मिटलेलं तोंडच तुझ्यापुढं ठेवते.

१४ एप्रिल, ईस्टर

पहाटे ह्यांना धुतलेला सदरा घातला, दाराशी खुर्चीवर बसवलं. फेरी यायच्या आधीच सोजरबाई त्यांच्या उंबऱ्यात येऊन बसल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. "बगू तरी कसं करत्यात तुमचे लोक."

कोपऱ्यावर कंदील दिसले. मास्तरांच्या गळ्यात पेटी. आमच्या गल्लीत वळले आणि 'पहाटवारा' सुरू झालं. बायकांची ओळ, पुरुषांची ओळ, अगदी सरळ, काठावर काठ बसलेल्या चादरीसारखी. आमच्या दारासमोर फेरी थांबली.

"...मीही गाईन..."

सगळे 'प्रभुराया'वर खाली उतरले. हे वर चढले.

एकटे. सबंध फेरीच्या वर, कंदिलांच्या वर, तो फाटका आवाज. पुरुषांच्या ओळीत कुणीतरी हसलं. सवयीनं माझं कोपर हललं, ते मी अंगाशी दाबून धरलं.

दुसऱ्या कडव्याला मी खुर्चीशी टेकून उभी राहिले. बावीस वर्षं बायकांच्या ओळीची सुरुवात करणारी मी. 'प्रभुराया' आलं आणि मीही ह्यांच्याबरोबर वर चढले.

बेसूर जाणं फार अवघड आहे, हे मला आज कळलं. पाय ठेवायला पायरी नसते. हे रोज तिथं जात होते.

मास्तरांचा हात पेटीवर थबकला. पाळकीणबाई पुढं होत्या, त्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं. तिसऱ्या कडव्याला त्याही वर. मग त्यांच्या मागच्या दोघीतिघी. त्यांतली एक दवाखान्याच्या जिन्यात बोललेली होती. शेवटच्या कडव्याला कोण कुठं होतं, देवालाच माहीत. अशी खराब पहाटफेरी सोलापुरात कधी निघाली नसेल. सोजरबाई पदर डोळ्याला लावून म्हणत होत्या, "काय गोंधूळ वो ह्यो! काय गोंधूळ!"

गीत संपलं. तेवढ्यात मिलचा भोंगा झाला, आणि हे त्या भोंग्याकडे मान वळवून हसले, ओळखीच्या माणसाकडे हसावं तसे.

स्तुती: भोंगा. त्याच्यामागून साचे सुरू होतात, आणि ह्यांचं गाणं झाकून तुझ्यापर्यंत येत होतं.

१५ एप्रिल, सोमवार

नेम संपला. सकाळी ह्यांनी स्वतःहून डावा हात खिशात घातला. एवढ्या दिवसांत मी सदरे धुताना किल्ली काढून पुन्हा खिशात ठेवत होते, ते ह्यांच्या लक्षात होतं. किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. काही म्हणायला गेले, जमलं नाही. मग खिशावर हात थोपटला.

शुक्रवारी दोन तास हेच सांगत होते का? तेव्हाही खिशाकडेच बोट होतं. मी पोटात दुखतंय का विचारत होते.

पेटी उघडली, मागण्यांची वही काढली. जुन्या मागण्या वाचल्या. सगळ्या माझ्याच अक्षरात, पण कुणा ओळखीच्या बाईच्या वाटल्या. चाळीस दिवस गिळलेलं सगळं मागायला आता मी मोकळी. टाक घेऊन बसले. हे खुर्चीवरून बघत होते, ओठ हलत होते. मग आवाजही आला.

आजची तारीख घातली आणि लिहिलं:

वाचा देशील तर दे. सूर मात्र आहे तसाच राहू दे.